पाठपुराव्याचा खर्च औषधाच्या खात्यात धरा

प्रति,
कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतील एड्स नियंत्रण कार्यक्रमाचे प्रकल्प संचालक, तसेच या कार्यक्रमाचं अंदाजपत्रक ठरवणारे सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

निपाणी-चिक्कोडी भागात मी बारा वर्षं एचआयव्ही असलेल्या लोकांच्या घरी जाते आहे. कागदावर माझं पद ‘ओआरडब्ल्यू’ म्हणजे आउटरीच वर्कर. उपचार सोडलेल्या माणसाला शोधून परत आणायचं, हे माझं काम. गावात कुणी मला अक्का म्हणतं, कुणी मावशी. काही घरांच्या शेजाऱ्यांना मी बचतगटाची बाई वाटते, काहींना विम्याची. त्यांना तसंच वाटत राहिलेलं बरं, कारण खरं कळलं तर त्या घरातल्या माणसाला उद्या पाण्याला जाणंही अवघड होईल.

गेल्या वर्षी एका आढावा बैठकीत एका अधिकाऱ्यांनी मला विचारलं, “एक पेशंट परत आणायला तुम्ही चार-चार खेपा घालता. हे परवडतं का?” विचारण्यात राग नव्हता. पैसा जनतेचा आहे, प्रश्न विचारलाच पाहिजे. पण मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. पुढच्या तालुक्याचे आकडे सुरू झाले आणि माझी पाळी संपली. तेव्हापासून तो प्रश्न मनातून गेलेला नाही. मी वही काढून बसले, जमेल तेवढं वाचलं, कौन्सेलर आणि डॉक्टरांना विचारलं. हे पत्र म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. होय, परवडतं. उलट त्या खेपा न घालणंच परवडत नाही.

आधी एका मुलीचं सांगते. तिचं नाव-गाव सांगणार नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याची त्याला मनाई आहे, आणि कायदा नसता तरी सांगितलं नसतं. माहेर निपाणीजवळ, सासर कागल तालुक्यात. आमच्याकडे हे रोजचं आहे. सोयरीक जुळवताना कुणी राज्य बघत नाही, पै-पाहुणे बघतात. पहिल्या गरोदरपणात रक्त तपासलं तेव्हा तिला कळलं. नवऱ्याचीही तपासणी पॉझिटिव्ह आली. तिकडच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीचे उपचार देणाऱ्या सरकारी केंद्रात, दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या, दोघांनीही नेमाने घेतल्या. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं आणि मुलगी रीतीप्रमाणे माहेरी आली.

माहेरी कुणालाच माहीत नव्हतं. येताना तिने दोन डब्या आणल्या होत्या, साठ गोळ्या. या गोळ्यांची डबी पिशवीत वाजते. ज्याने ती कधी लपवून नेलेली नाही त्याला तो आवाज जाणवणार नाही, पण जिने नेली आहे तिला भरल्या एसटीत इंजिनापेक्षा तोच मोठा ऐकू येतो. तिने डबीवरचं लेबल ओल्या फडक्याने घासून काढलं होतं, आत कापूस कोंबला होता आणि डबी रव्याच्या लाडवांच्या डब्यात तळाशी ठेवली होती. रात्री सगळे झोपले की लाडू खायच्या निमित्ताने उठून ती गोळी घ्यायची. साठ रात्री संपल्या तेव्हा बाळंतपण पंधरा दिवसांवर आलं होतं. तिकडच्या यादीत ती ‘मिस्ड’ झाली, म्हणजे गोळ्या घ्यायची तारीख चुकलेली. केंद्रातून फोन गेला तो नवऱ्याच्या मोबाईलवर, आणि नवरा इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करून दिवसा झोपलेला. आणि इकडच्या केंद्राच्या लेखी ती नव्हतीच, कारण तिचा नोंदणीचा नंबर इकडचा नव्हता.

तिकडच्या कौन्सेलरने शेवटी नवऱ्याला गाठलं, त्याच्यामार्फत तिची संमती घेतली आणि जुन्या ओळखीवर मला फोन केला, “अक्का, तुमच्या बाजूला एक मुलगी आहे, बघा की जरा.” ना पत्र, ना फॉर्म. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आई आणि शेजारच्या तिघी मांडीवर सुपं घेऊन अंगणात विड्या वळत बसल्या होत्या. मी विडीच्या मजुरीची चौकशी केली, पाणी प्यायले आणि परत आले. दुसऱ्या वेळी ती दुकानाच्या वाटेवर दोन मिनिटं भेटली. तिसऱ्या वेळी आशाताईंबरोबर गेले, गरोदर बायकांच्या तपासणीसाठी म्हणून, आणि तिला आमच्या बाजूच्या केंद्रात नेऊन गोळ्या मिळवून दिल्या. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. बाळाला सहा आठवडे नेव्हिरापिनचं औषध दिलं. अठराव्या महिन्याची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली, त्या दिवशी तिने मला फोन केला आणि काही न बोलता नुसती रडली.

याला खर्च किती आला? माझे तीन अर्धे दिवस, सात-आठ फोन आणि पेट्रोल. त्या महिन्याचं माझं पेट्रोलच मुळी चारशे रुपयांच्या आत आहे, आणि त्यात मी आणखीही घरं केली होती. आता दुसरी बाजू मांडू. औषध नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात पंधरा ते पंचेचाळीस असते, आणि उपचार नीट चालू असतील तर ती पाचाच्या खाली येते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लागण झाली असती तर त्या लेकराला जन्मभर रोजची गोळी, वर्षाला व्हायरल लोड म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी, वाढत्या वयात गोळीचा कंटाळा, शाळा, लग्न. यातला बराचसा भार पैशांत मोजता येत नाही. पण जो मोजता येतो तो सरकारलाच उचलावा लागला असता, तोही पन्नास-साठ वर्षं.

औषधाचा भाव कुठून कुठे आला ते आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता, तरी पुढच्या मुद्द्यासाठी सांगते. २००१ साली सिप्लाने वर्षभराची औषधं साडेतीनशे डॉलरला देऊ केली तेव्हा जग चकित झालं, कारण तोवर त्यासाठी दहा हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने मोफत एआरटी सुरू केली. २०१७ पासून सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, कितीही असो, तपासणी पॉझिटिव्ह आली की उपचार सुरू. आता टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तिन्ही औषधं मिळून रात्रीची एकच गोळी. २०२३ साली ग्लोबल फंडाने या गोळीचा जागतिक खरेदीचा भाव वर्षाला माणशी ४५ डॉलरच्या खाली आल्याचं जाहीर केलं. तेव्हाच्या दराने ते पावणेचार हजार रुपयांच्या आसपास होतात. म्हणजे दिवसाला दहाएक रुपये, टपरीवरच्या एका चहाचे.

गोळी इतकी स्वस्त झाल्यावर या कार्यक्रमातली सगळ्यात महाग गोष्ट कोणती उरली? मला विचाराल तर अर्ध्यावर सुटलेला उपचार. तपासणी झालेली असते, समुपदेशन झालेलं असतं, रक्ताच्या चाचण्या झालेल्या असतात, चार-सहा महिन्यांच्या गोळ्या गेलेल्या असतात. माणूस सुटला की तो सगळा खर्च पाण्यात. गोळी बंद झाल्यावर काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. सीडीफोर उतरत जातो, मग क्षय, मग मेंदूपर्यंत जाणारे आजार, मग खाट. तोवर औषधाला न जुमानणारा विषाणू तयार झाला असेल तर पुढच्या टप्प्याची, जास्त महाग औषधं. आणि या मधल्या काळात तो माणूस कुणाचा तरी नवरा असतो, कुणाची तरी बायको असते.

गोळ्यांनी विषाणू दबलेला असेल, म्हणजे रक्तात सापडणार नाही इतका कमी झाला असेल, तर लागण थांबते, हे आता शंका घेण्यापलीकडे सिद्ध झालं आहे. ‘एचपीटीएन ०५२’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली आले. त्यात आपल्या पुण्यातली आणि चेन्नईतली जोडपीही होती. लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. याची उलटी बाजू अमेरिकेतल्या एका हिशेबात दिसते. तिथे २००९ साली एचआयव्हीची लागण कुणाकडून किती झाली याचा अंदाज तिथल्या संशोधकांनी २०१५ साली मांडला. शंभरातल्या एकसष्ट लागणी अशा लोकांकडून झाल्या होत्या, ज्यांना आपल्याला एचआयव्ही आहे हे ठाऊक होतं पण जे उपचारांच्या संपर्कात टिकले नव्हते. ज्यांना ठाऊकच नव्हतं त्यांच्याकडून तीस. विषाणू दबलेल्यांकडून तीनसुद्धा नाहीत. अमेरिकेचा आकडा चिक्कोडीला जसाच्या तसा लावावा असं मी म्हणत नाही. पण तपासणीच्या शिबिरावर आपण जेवढा जोर लावतो, तेवढा तपासणीत सापडलेला माणूस टिकवण्यावर लावत नाही, हे मी रोज बघते.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: आता सगळ्यांकडे मोबाईल आहे, यंत्रावरून आपोआप फोन लावू, मेसेज पाठवू, माणूस पाठवायची गरज काय? ही सूचना स्वस्त दिसते. म्हणूनच ती नीट तपासायला हवी, आणि ती तपासली गेली आहे, तीही आपल्याच मुलखाजवळ. दक्षिण भारतातल्या तीन केंद्रांवर ६३१ रुग्णांचा अभ्यास झाला, २०१४ साली तो बीएमजे या नियतकालिकात छापून आला. निम्म्या लोकांना दर आठवड्याला यंत्राचा आवाज फोन करायचा आणि एक चित्राचा मेसेज जायचा. जवळजवळ दोन वर्षं हे चाललं. विषाणू दबून राहण्यात दोन्ही गटांत काही फरक पडला नाही.

त्याच्या चार वर्षं आधी केनियातल्या अशाच एका प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले होते. ५३८ रुग्ण. दर आठवड्याला मेसेज जायचा, स्वाहिलीत एकच शब्द: ‘मांबो?’ म्हणजे ‘कसं काय?’ उत्तर दोनच प्रकारचं. ‘सावा’ म्हणजे बरं आहे, ‘शिदा’ म्हणजे अडचण आहे. गोळी घ्या असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. पण जो ‘शिदा’ म्हणायचा, किंवा दोन दिवसांत काहीच उत्तर द्यायचा नाही, त्याला दवाखान्यातलं माणूस स्वतः फोन करायचं. वर्षाने पाहिलं तर मेसेज मिळालेल्यांत ५७ टक्के लोकांचा विषाणू दबलेला होता, न मिळालेल्यांत ४८ टक्क्यांचा.

मोबाईल दोन्हीकडे होता. एका ठिकाणी पलीकडे यंत्र होतं, दुसरीकडे माणूस. मी संशोधक नाही आणि दोन देशांच्या परिस्थितीत इतरही फरक असतील. पण बारा वर्षं दारं वाजवल्यावर मला हे दोन निकाल शेजारी-शेजारी वाचून नवल वाटलं नाही. यंत्र कुणाला ‘का आला नाहीस?’ विचारत नाही, आणि विचारलं तरी ‘सासू घरात आहे, नंतर बोलते’ हे त्याला समजत नाही. अमेरिकेतल्या सहा दवाखान्यांतही हेच पाहिलं गेलं. तिथे ओळखीच्या कर्मचाऱ्याने तारखेआधी फोन करणं, तारीख चुकली तर लगेच फोन करणं आणि भेटीत दोन शब्द बोलणं, एवढंच वाढवलं. वर्षभर नियमित येत राहिलेल्यांचं प्रमाण अशा लोकांत ५६ टक्के निघालं, नेहमीच्या पद्धतीने चाललेल्यांत ४६. त्यात नवं औषध नव्हतं, नवं यंत्रही नव्हतं.

आता माझ्या हातून सुटलेल्या एका माणसाचं सांगते, कारण फक्त जमलेली गोष्ट सांगणं बरोबर नाही. चिक्कोडी तालुक्यातला गवंडी, पुण्याकडे कामाला. मराठी बोलणारा, कानडी कामापुरती. गोळ्या घ्यायची तारीख चुकली. आपोआप जाणारा मेसेज गेला तो कानडीत. मी तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा बंद लागला. महिनाअखेर होती, यादीत अजून चाळीस नावं होती. मी रकान्यात ‘फोन लागत नाही’ लिहिलं आणि पुढच्या नावाकडे वळले. तीन महिन्यांनी तो ‘एलएफयू’ झाला, म्हणजे आमच्या भाषेत संपर्काबाहेर. आठ महिन्यांनी मी दुसऱ्याच कुणाला भेटायला एका मोठ्या दवाखान्यात गेले होते, तिथे वॉर्डात त्याची बायको दिसली. क्षय मेंदूत गेला होता. त्याने मला ओळखलं नाही. अकराव्या दिवशी तो गेला. बायकोने प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याचं एआरटीचं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. शेवटच्या भरलेल्या पानावर पुढची तारीख माझ्याच अक्षरात लिहिलेली होती. त्यापुढची पानं कोरी.

नंतर मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने सांगितलं, मुकादमाचा नंबर होता की. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलेला होता. मी त्या आठ महिन्यांत एकदा जरी त्या घरी गेले असते तरी तो नंबर मला मिळाला असता. येऊन-जाऊन बावीस किलोमीटर. बायकोची तपासणी नंतर झाली, ती पॉझिटिव्ह आली. आता ती नेमाने गोळ्या घेते आणि तिचा विषाणू दबलेला आहे. पण ती गोळी तिला घ्यावीच का लागावी, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

ही चूक माझी होती आणि ती मी मान्य करते. पण त्या महिन्यात माझ्याकडे जेवढे दिवस होते आणि जेवढी नावं होती, त्यात कुणाच्या तरी दारात जाणं राहणारच होतं. पेट्रोलसाठी ठरलेली रक्कम वीस तारखेला संपली की उरलेले दहा दिवस फोनवरच काम चालतं. घरभेटीचा खर्च ‘प्रवास’ या नावाखाली लिहिला जातो, आणि काटकसर करायची वेळ आली की कात्री पहिली तिथेच लागते. गोळ्यांच्या खरेदीला कात्री लावायचं कुणाच्या मनातही येत नाही, आणि येऊही नये. पण न घेतलेली गोळी ही घेतलेल्या गोळीइतकीच पैशाची असते.

सीमाभागात हे सगळं दुप्पट अवघड होतं. मी इथे सीमावादाबद्दल एक अक्षरही लिहिणार नाही. माझ्या यादीतल्या माणसाला गोळी मिळाली पाहिजे, ती कुठल्या राज्याच्या शिक्क्याची आहे याने विषाणूला फरक पडत नाही. पण शिक्क्याने माणूस अडतो, हे खरं आहे. २०२० मध्ये कोविडमुळे दोन राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर वाहनं थांबवली गेली तेव्हा कोल्हापूरला नाव असलेले इकडचे लोक इकडे अडकले आणि बेळगावला नाव असलेले तिकडे. तेव्हा जवळच्या कुठल्याही केंद्रातून गोळ्या घेण्याची मुभा मिळाली, तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या, आणि आमच्या भागात ती सोय खरोखर उपयोगी पडली. मग डिसेंबर २०२२ मध्ये तणाव वाढला आणि दोन राज्यांतल्या एसटी बंद झाल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा. त्या वेळी कोविडसारखा काही आदेश निघाल्याचं माझ्या कानावर आलं नाही. नेमकी त्याच आठवड्यात कुणाची तरी तारीख असते. रोजंदारीवरचा माणूस एक दिवस बुडवून एकदा येतो. बस नाही म्हणून परत गेला की दुसरा दिवस बुडवायची त्याची ऐपत नसते.

बसचंच बोलायचं तर, जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसने फुकट जाता येतं. तारखेला वेळेवर येणाऱ्या बायका वाढल्यासारखं मला माझ्या भागात वाटतं. पुरुषांना मात्र तिकीट आहे, आणि माझ्या यादीत सुटणारे बरेचसे पुरुषच आहेत. दारू, रोजगार, आणि ‘मला काय झालंय’ ही समजूत, हे तिन्ही आहेच. पण खिशात जाण्या-येण्याचे पैसे नसणं हे चौथं कारण आहे, आणि ते सगळ्यात सहज सुटणारं आहे.

आणखी एक गोष्ट हिशेबात गोंधळ घालते. ज्याला आपण संपर्काबाहेर म्हणतो त्यातला प्रत्येक जण खरोखर सुटलेला नसतो. काही वारलेले असतात आणि आपल्याला कळलेलं नसतं. काही जण गुपचूप दुसऱ्या केंद्रात जाऊन, कधी वेगळं नाव सांगून, नव्याने गोळ्या घेतात, कारण गावच्या जवळच्या केंद्रात ओळखीचं कुणी दिसलेलं असतं. बेळगावच्या यादीत सुटलेला माणूस मिरजेच्या यादीत ‘नवा’ म्हणून येतो. दोन्ही राज्यं त्याच्या पहिल्या तपासण्यांचा खर्च करतात, आणि माझ्यासारखी बाई त्याच्या बंद घरापुढे तीनदा उभी राहते. देशभरासाठी ‘सोच’ ही संगणक प्रणाली आली आहे. तिच्यात प्रत्येकाचा एक नंबर असतो. मग सीमेच्या दोन बाजूंच्या केंद्रांनी महिन्यातून एकदा, गुप्तता सांभाळून, दोन याद्या जुळवायला काय हरकत आहे? माझ्या अंदाजाने या एका कामाने माझ्या निम्म्या फुकट खेपा वाचतील.

सगळे परत येतात असं मी भासवणार नाही. एका घरी मी पाच वेळा गेले, सहाव्या वेळी त्याने सांगितलं, “अक्का, तुम्ही चांगल्या आहात, पण परत येऊ नका.” मी गेले नाही. त्या पाच खेपांचा खर्चही हिशेबात धरायलाच हवा. पण हिशेब कशाने भागून करायचा हे आधी ठरवा. आज माझ्या कामाचं माप म्हणजे ‘किती घरभेटी’ आणि ‘किती शोधले’. शोधलेला माणूस एकदा येऊन गोळ्या घेऊन गेला आणि पुन्हा गेला, तरी माझा रकाना भरतो. खरं माप असं असावं: शोधल्यानंतर बारा महिन्यांनी तो उपचारांत आहे का आणि त्याचा विषाणू दबलेला आहे का. त्या माणसांची संख्या घ्या, माझा पगार, पेट्रोल, फोन, फुकट गेलेल्या खेपा, सगळा खर्च एकत्र करा आणि त्याला त्या संख्येने भागा. जो आकडा येईल तो वाचलेल्या खाटेसमोर, टळलेल्या लागणीसमोर, न लागलेल्या महाग औषधासमोर ठेवा. त्या तुलनेला मी घाबरत नाही.

सगळ्यांवर सारखा खर्च करा असंही माझं म्हणणं नाही. ज्याचा विषाणू तीन-चार वर्षं दबलेला आहे, जो तारीख चुकवत नाही, त्याला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या. त्याचा दिवस वाचेल आणि केंद्रातली गर्दीही कमी होईल. वाचलेला वेळ आणि पैसा पहिल्या वर्षातल्या लोकांवर घाला, आधी एकदा सुटून परत आलेल्यांवर घाला, माहेरी आलेल्या गरोदर मुलींवर, उसाच्या टोळीबरोबर आणि गवंडीकामाला जाणाऱ्यांवर घाला. आणि मराठी घरात मराठीत बोलणारं माणूस, कानडी घरात कानडी, उर्दू घरात उर्दू बोलणारं माणूस फोनवर असू द्या. माझं कानडी आता बरं आहे. तरी खानापूरकडच्या म्हातारीला तिच्या लेकाचं दुखणं मराठीत सांगताना तिचा चेहरा कसा बदलतो ते मी पाहिलं आहे.

कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याला २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी १५,४७१ कोटींहून अधिक रुपये मंजूर झाले. त्यातला माझ्या पेट्रोलचा वाटा किती आहे हे सांगण्याची गरज नाही. पुढच्या टप्प्याची आखणी होताना माझी एक विनंती आहे: घरभेट, ओळखीच्या माणसाचा फोन आणि गरजूचं बसभाडं ‘प्रवास’ आणि ‘इतर’ या रकान्यांतून काढा आणि औषधोपचाराच्या खात्यात, गोळीच्या शेजारी लिहा. त्या जागी असताना ते कापायला कुणाचा हात धजावणार नाही.

आणि त्याआधी दोन छोट्या गोष्टी, ज्यांना नवा पैसा लागत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या केंद्रांना लेखी सांगा की समोर आलेल्या माणसाकडे एआरटीचं पुस्तक असेल तर, दुसऱ्या राज्याचं असलं तरी, त्याला निदान तीस दिवसांच्या गोळ्या द्या आणि मग कागदपत्रं बघा. आणि दोन राज्यांतली एकेक व्यक्ती नेमा, जिच्याकडे आमच्यासारख्यांनी फोन करायचा. आज ते काम ओळखीवर चालतं. ती कौन्सेलर बदलून गेली की ओळख संपेल.

मी गेल्या चार वर्षांच्या माझ्या वह्या नीट लावून ठेवल्या आहेत. नावं आणि गावं काढून टाकली आहेत, फक्त खेपा, किलोमीटर, खर्च आणि त्या माणसाचं वर्षाने काय झालं एवढं ठेवलं आहे. आपल्याकडचे हिशेबनीस ते तपासणार असतील तर मी घेऊन येईन. बेळगावला बोलवा, बंगळुरूला किंवा मुंबईला बोलवा. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत बोलावू नका, एवढीच विनंती, कारण त्या दिवसांत ड्यू लिस्ट, म्हणजे ज्यांना गाठायचं त्यांची यादी, येते आणि मी गावात असते.

आपली नम्र,
निपाणी-चिक्कोडी भागातील एक क्षेत्रकार्यकर्ती

(माझं नाव कळलं तर मी ज्या घरी जाते ती घरंही कळतील, म्हणून ते दिलेलं नाही.)